आखिम मिस्त्री आणि पाठमोरा कोंबडा

आधी कबूलच करून टाकते. आखिम मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस उपाशी आहे.

देवळासमोर माझी माशाच्या पेजेची टपरी. एका सकाळी हा आला. वाळक्या शेंगेसारखं अंग, एक पाय जमिनीवर आणि दुसरा निघायच्या तयारीत. पेज दिली, ती त्यानं उभ्या उभ्या संपवली. मग वाडगा उलटा केला, बूड बघितलं, नखानं टिचकी मारून कानाशी धरला आणि चक्क कडेवरून जीभ फिरवली. मी म्हटलं, अरेरे, काय पोटात आग पडलीय बिचाऱ्याच्या. दुसरा वाडगा भरला, वर माशाच्या पोटाचा तुकडा टाकला. तो तुकडा मी आमच्या देवस्थानच्या अध्यक्षांसाठी राखून ठेवते. तो वाडगाही त्यानं तसाच उलटा केला. टिचकी, जीभ. मग घाईत हाताला आला तो तिसरा वाडगा भरला आणि त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "खा रे बाळा, लाजू नको." बाळ माझ्याहून चारेक वर्षांनीच लहान असेल. घाम फुटला होता त्याला, पण खाल्लं.

तिसरा वाडगा रिकामा झाला आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "पेज पुरे. हा वाडगा द्याल का?"

"कशाला?"

"फोडायला."

तेव्हा मला वाटलं, वेडा आहे. म्हणजे एकाच सकाळी दोनदा चुकले. आता आठवलं की पोट धरून हसते. तो मात्र अजून तक्रार करतो की मावशीनं त्या दिवशी एवढं कोंबलं की मला परांचीवर चढवेना.

फोडणं हाच त्याचा धंदा, हे मला दुपारी कळलं. आमच्या तैनानकडच्या देवळांच्या आढ्यावर ड्रॅगन, मासे, घोड्यावरचे सरदार, कमळं बसलेली असतात ना, ती लांबून रंगवलेली वाटतात. जवळून बघा, सगळी फुटक्या वाडग्यांची. तारेचा सांगाडा करायचा, त्यावर चुन्याचा माल थापायचा. त्या मालात तागाचे धागे, गुळाचं पाणी, चिकट तांदळाची खळ. आणि माल ओला असतानाच वाडग्यांचे तुकडे एकेक करून खोचायचे. पक्कडीनं कुरतडून कुठे पीस काढायचं, कुठे खवला, कुठे पाकळी. वाडगाच लागतो, फरशी चालत नाही, कारण पिसाला बाक हवा आणि तो बाक वाडग्याच्या पोटातच असतो. हे सगळं त्यानं मला माझ्याच वाडग्याच्या पोटावरून हात फिरवत सांगितलं. इतक्या प्रेमानं माझ्या नवऱ्यानं कधी माझ्याकडे बघितलं नाही.

वाडगा मी दिला नाही, हे सांगायला नकोच.

आखिमला बसता येत नाही. म्हणजे गुडघे चांगले आहेत, पण बसला की दोन घटकांत उठतोच. पेज खाता खाता उठून परांचीपर्यंत जाऊन येतो, वर बघतो, परत येतो, चमचा उचलतो, पुन्हा जातो. त्याची पेज मी नेहमी गारच वाढते, नाहीतरी गारच खाणार. खिशात पक्कड असते, ती काढून हवेतच कटकट करतो. समोर बसलेल्या माणसाला वाटतं, आता आपलं नाक जाणार. त्याची बायको दुसऱ्या गावी शाळेत डबे बनवते. ती मला एकदा म्हणाली, "मावशी, तुम्ही त्याला दिवसभर ठेवून घेता ना, देव तुमचं भलं करो."

तर देऊळ वैद्यदेवाचं. आमच्या मिठागरांच्या पट्ट्यात सगळ्यात जुनं. मागच्या वर्षीच्या वादळात आढं तडकलं, कौलं उडाली, कारागिरीचा निम्मा चुरा अंगणात पडला. दुरुस्ती निघाली, देवाला उचलून माझ्या टपरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून बसवलं. त्यामुळे या गोष्टीत जे काही बोलणं झालं ते सगळं देवानंही ऐकलंय. मी खोटं बोलले तर तो आहे.

दुरुस्ती जुन्या रीतीनं करायची ठरली, आणि आमच्याकडची जुनी रीत म्हणजे भांडणाची रीत. देऊळ मधोमध कापायचं. देवाच्या डाव्या हाताची बाजू ड्रॅगनची, उजव्या हाताची वाघाची. दोन बाजू दोन वेगळ्या मिस्त्र्यांना द्यायच्या, मध्ये कापडाचा पडदा लावायचा आणि म्हणायचं, दाखवा आता कोण भारी. उंची जुळली पाहिजे, बाकी ज्याचं त्यानं. पडदा शेवटच्या दिवशी पडतो. मग गाव खाली उभं राहून वर बघतं आणि पुढची कित्येक वर्षं त्यावरून वाद घालतं.

वाघाची बाजू आखिमकडे. ड्रॅगनची बाजू बुनलियांग मिस्त्रीकडे. आणि बुनलियांग म्हणजे आखिमच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

दाजी माणूस मोठा थंड. परांचीवर चढताना आधी उशी वर जाते, मग चहाचं सामान, मग गरम पाण्याची किटली, शेवटी दाजी. एक खवला लावला की एक कप चहा. मी टपरीतून मान वर केली की पडद्याच्या एका बाजूला हा उंदरासारखा पळतोय आणि दुसऱ्या बाजूला ते म्हशीसारखे बसलेत.

"मेहुणे," पडद्यापलीकडून आवाज यायचा, "परांची हलतेय. भूकंप आहे की तू आहेस?"

"मी काम करतोय, दाजी. तुमच्याकडे तो आवाज नवीन असेल."

दोघं दुपारी माझ्याकडे येऊन हळूच विचारायचे, तिकडे काय चाललंय. मी दोघांनाही सांगायचे, काही विशेष नाही. मग दोघंही बेचैन. बीहुई, म्हणजे एकाची बहीण आणि एकाची बायको, दोघांना अगदी सारखे डबे आणायची. तरी दोघं एकमेकांच्या डब्यात डोकावून बघायचेच.

आता कोंबड्याचं सांगते, कारण सगळा जीव त्यात अडकला होता.

वाघाच्या बाजूला, आढ्याच्या अगदी मध्याजवळ, एक कोंबडा होता. तो आखिमच्या वडिलांनी, थियाम मिस्त्रींनी, मागच्या मोठ्या दुरुस्तीत केला. तेव्हा ड्रॅगनची बाजू दाजींच्या वडिलांकडे होती. थियाम मिस्त्री रोज दुपारी जेवायला घरी जायचे, बायकोच्या हातचंच खायचे. त्यावरून दाजींचे वडील पडद्यापलीकडून ओरडायचे, "निघाला कोंबडा कोंबडीमागं." थियाम मिस्त्री जेवून यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पडदा पडला तेव्हा गावानं बघितलं, आढ्यावर एक कोंबडा उभा आहे, हिरव्यागार शेपटीचा, आणि त्याचा पार्श्वभाग थेट ड्रॅगनच्या नाकाला लागलाय.

गाव हसून लोळलं. दोन्ही घरांनी पुढे सोयरीक केली, पोरं झाली, म्हातारे गेले, पण कोंबडा तसाच राहिला. दाजींचे वडील मरेपर्यंत देवळासमोरून जाताना वर न बघता जायचे.

थियाम मिस्त्रींनी जी जी देवळं केली ती सगळी नंतर सिमेंटची झाली. हातचं काम भंगारात गेलं. उरला तो हा एक कोंबडा. वादळात तोही आढ्यावरून उखडला. मान आणि धड वाचलं, शेपटीचा चुरा झाला. आखिमनं धड फडक्यात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवलं होतं. पेज खाताना पिशवी मांडीवर. मी एकदा म्हटलं, "दे, मी धरते, तू नीट जेव." तर पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर गेली, माझ्याकडे काही आली नाही.

अध्यक्ष खू यांना कोंबडा नको होता. खू काकांची मासळीची तळी आहेत, माणूस वाईट नाही, पण ड्रॅगनची बाजू घेणारी सगळी त्यांच्या सासुरवाडीची माणसं. त्यांचं म्हणणं, देवळाच्या माथ्यावर कोंबड्याचं बूड शोभत नाही, त्या जागी छान फुलदाणी बसवू. कारखान्यातली तयार फुलदाणी त्यांनी आणूनही ठेवली, खोक्यात, शेडच्या दाराशी. आखिम तिथून दिवसातून दहादा जायचा आणि दहादा खोक्याला पाय लागायचा. चुकून, म्हणायचा.

"काका, ती इथं नव्हतीच," आखिम म्हणाला. "दुरुस्ती म्हणजे जे होतं ते. नवीन आणायचं तर दुरुस्ती कसली?"

"अर्धा कोंबडा ठेवू का वर मग? शेपटीशिवाय?"

"शेपटी करतो की."

"कशाची? तो हिरवा रंग आता मिळतो कुठं?"

दोघंही हट्टी. शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. आमच्याकडे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकतात. एक उताणा, एक पालथा पडला तर देवाचं हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे पडले तर देव हसला, म्हणजे उत्तरच नाही. खू काकांनी टाकले, देव हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. काकांना घाम. "नीट विचारा," मी टपरीतून म्हटलं, "त्याला मजा येतेय." तिसऱ्यांदाही हसला. तेव्हा काका वैतागून म्हणाले, "ठीक. देव घरी जायचा मुहूर्त निघालाय. त्याच्या आदल्या दिवशी पडदा पडेल. तोवर शेपटी पूर्ण झाली, जुन्याच रंगाची, जुन्याच जातीच्या वाडग्यांची, तर कोंबडा राहील. नाहीतर फुलदाणी."

झालं. त्या दिवसापासून हा माणूस गावभर सुटला.

तो हिरवा म्हणजे गडद, ओल्या शेवाळासारखा, आणि कडेला येता येता काळसर होणारा. तसले वाडगे भाजणाऱ्या भट्ट्या कधीच्या बंद झाल्या. आखिम तैनान शहरातल्या जुन्या बाजारात जाऊन आला, रिकामा आला. मग घराघरांत शिरायला लागला. लोकांनी वाडगे लपवले. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं शेजारच्या म्हातारीच्या हातातला वाडगा, आत सूप असताना, बूड बघायला तिरका केला. म्हातारीची मांडी भाजली, आणि वाडगा निघाला निळा. तेव्हापासून तो वाटेनं येताना दिसला की बायका म्हणायच्या, "भांडी आत घ्या गं."

मिळेल त्या हिरव्याची शेपटी करून बघितली. बाटलीच्या काचेची केली, ती मेलेली दिसली. बाजारातल्या नव्या वाडग्यांची केली, ती त्यानं मला दाखवायला आणली.

"कशी वाटते?"

"कांद्याची पात."

त्यानं तिथेच माझ्या टेबलावर सगळी पिसं उपटली. माझ्या पेजेत चुना पडला. मी ओरडायच्या आत तो निघूनही गेला होता, पाठोपाठ परांचीवरून पक्कडीची कटकट सुरू. दिवसभर ती कटकट. घरी गेले तरी कानात तीच. मीही आडवी पडले की या कुशीवरून त्या कुशीवर.

कारण खरा हिरवा कुठे आहे हे त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तो पहिल्या दिवशीचा तिसरा वाडगा.

आमच्या सासूबाईंनी जाताना दागिने धाकट्या जावेला दिले आणि मला वाडगे. तेव्हा मी खूप रडले होते. लोकांना वाटलं, सासूसाठी. ते वाडगे मी कधी टपरीत काढत नसे. त्या सकाळी एकच कसा बाहेर राहिला होता, देव जाणे. बाकीचे घरी, कपाटाच्या वर, पेपरात गुंडाळून. आणि सासूबाईंचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. वाडगा फुटला तर त्या खरोखर परत आल्या असत्या.

आखिम रोज विचारायचा. सकाळी पेज मागताना विचारायचा, दुपारी चहा मागताना विचारायचा. मी म्हणायचे, बघू. खोटं का बोला, मला त्याची गंमत करायला आवडायचं. तो विचारायचा आणि मी पातेल्यात ढवळत राहायचे.

मग वादळाची बातमी आली. टीव्हीवर फिलिपिन्सच्या पूर्वेला तो पांढरा भोवरा फिरताना दाखवायचे आणि बाई काठीनं बाण काढायची, इकडे वळेल किंवा तिकडे वळेल. इकडे वळलं तर परांची उतरवावी लागणार. म्हणजे मुहूर्त गाठता येणार नाही, म्हणजे फुलदाणी. सगळं गाव आभाळाकडे बघत होतं. दाजीसुद्धा किटलीचं झाकण दोनदा लावायला लागले. आखिमनं आढ्याच्या मधोमध एक जुनं गोणपाट दगडांखाली दाबून ठेवलं होतं, कामाच्या पहिल्या दिवसापासून. रंगवाल्यानं एकदा ते उचलायला हात लावला तर हा अंगावर धावून गेला होता. आता वाऱ्यानं त्याची टोकं फडफडायची आणि तो तासातासाला वर जाऊन दगड वाढवायचा. मी विचारलं, "काय झाकलंयस तिथं, सोनं?" म्हणाला, "काही नाही. डाग आहे." एका डागासाठी एवढे दगड, म्हटलं, वाडग्यापायी याचं डोकं गेलं.

त्या दिवशी तो माझ्यासमोर आला आणि वाडगा मागितलाच नाही. पेज घेतली, दोन चमचे खाल्ली, उठला, परांचीपर्यंत गेला, परत आला, खोक्याला पाय लागला, बसला, उठला. मला बघवेना.

"आखिम," मी म्हटलं, "एक अट आहे. एक वाडगा पेज. बसून खायची. उठायचं नाही, वर बघायचं नाही, पक्कड खिशातच. सगळी संपली तर सासूबाईंचे वाडगे तुझे."

"सगळे?"

"सगळे. आणि गरम खायची."

पहिल्या वेळी अर्ध्यावर पोचला आणि वर दाजींनी काहीतरी ठोकलं. हा उठलाच. दुसऱ्या दिवशी एक चिमणी गोणपाटावर बसली, हा "हाड हाड" करत पळाला. मी वाडगा उचलून घेतला. "राहिलं," म्हटलं. तिसऱ्या दिवशी आला तो पिशवी छातीशी धरून. बसला. एका हातात कोंबडा, एका हातात चमचा. वारा सुटला होता, शेडचा पत्रा खडखडत होता, वर दाजी मुद्दाम ठोकत होते की खरंच काम करत होते कुणास ठाऊक. याच्या मानेची शीर ताठ, पाय टेबलाखाली नुसते थरथरत होते, पण वर म्हणून बघितलं नाही. वाडगा चाटूनपुसून रिकामा केला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हा आता रडतो.

"जा," मी म्हटलं, "घरी ये. कपाटावरून मला हात पुरत नाही."

वाडगे त्यानं माझ्याच अंगणात फोडले. मी दाराआड जाऊन कान झाकले, पण झाकले नसते तरी चाललं असतं. आवाज चांगला होता. सासूबाई काही आल्या नाहीत. उलट त्या रात्री मला गाढ झोप लागली.

वादळ तिकडेच वळलं. जाताना नुसता कोरडा, गरम वारा सोडून गेलं, तोंडाला कोरड पाडणारा. तशा वाऱ्यात आखिमनं शेपटी केली. तारेवर एकेक पीस, वाडग्याचं पोट ते पिसाचं पोट, वाडग्याची काळसर कड ते पिसाचं टोक. मला दाखवली, मी अजून निरखतच होते. तोच विचारायला लागला, "कांद्याची पात का? सांगा ना. कांद्याची पात?"

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी खू काका, दाजी आणि आखिम वर चढले. मीही परांचीच्या अर्ध्यापर्यंत चढले. तिथून दिसतं आणि ऐकूही येतं. पडदा पडला. दाजींचा ड्रॅगन खरंच देखणा होता, ते मान्य करायला हवं. काकांनी शेपटीला हात लावून बघितला आणि मान हलवली. "ठीक आहे. शेपटी जुन्या रंगाची आहे. कोंबडा बसवा."

"बसवा की," दाजी म्हणाले, "पण समोर तोंड करून. तो पहिल्यापासून समोरच बघत होता. वाऱ्यानं फिरला असेल कधीतरी."

"पाय मालात गाडलेला कोंबडा वाऱ्यानं फिरतो?" आखिम म्हणाला.

"तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांना तसं सांगितलं होतं. चुकून झालं म्हणाले."

"सोयरीक झाली तरी माझे वडील तुमच्या वडिलांशी मरेपर्यंत बोलले नाहीत, दाजी. मग कुणी सांगितलं, ड्रॅगननं?"

काका त्रासले. "पुरावा काय? पाय तुटलेत. कुठं तोंड होतं कसं कळणार?"

तेव्हा आखिमनं दगड काढले आणि गोणपाट उचललं. खाली आढ्याचा जुना लाल रंग, ऊनपावसानं विटून गुलाबी पडलेला. आणि त्यात मधोमध एक तुकडा अजून गडद लाल, पंख्यासारखा पसरलेला. भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर खाली राहतं ना, तसं. इतकी वर्षं शेपटीनं त्यावर पाऊस पडू दिला नव्हता. आणि तो पंखा ड्रॅगनच्या बाजूला होता, थेट नाकापर्यंत.

आखिमनं नवी शेपटी त्यावर धरली. कडेला कड बसली.

काकांनी वाकून त्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खूण आहे. कोंबडा खुणेवर बसेल."

"खुणेवरच बसू दे," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नाही. "पण एवढंसं इकडेतिकडे झालं तर कुणाचं काय जातं? जरा पुढं वळव. दोन बोटं. उद्या सगळी सासुरवाडी येणार आहे काकांची."

"ते तुम्ही दोघं ठरवा," काका म्हणाले. "माल ओला आहे तोवर काय ते करा." आणि तळ्यावर निघून गेले.

आखिम आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसला. माल थापला, जरा घट्टसरच, पायांच्या तारा आढ्याच्या तारांना पिळल्या, कोंबडा खुणेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून बसला. दाजींनी समोर उशी टाकली, किटली काढली.

"हां, बोला दाजी. किती म्हणालात?"

"दोन बोटं."

"तुमची की माझी?"

दाजींनी आपली बोटं बघितली, त्याची बघितली. "माझी धर."

"माझी कशी धरणार, हात अडकलेत. बरं, दोन बोटं पुढं म्हणजे कुठं? देवासमोर की समुद्रासमोर?"

"देवासमोर."

"देव तर खाली शेडमध्ये आहे."

दाजींनी चहा ओतला आणि समजावून सांगायला लागले, देव उद्या आत गेल्यावर समोर म्हणजे कुठलं. आखिम मान हलवत होता. ते संपल्यावर म्हणाला, "पटलं. पण मला एक सांगा, कोंबड्याचं बूड नाकात जातं की ड्रॅगनचं नाक मुळात लांब झालंय?"

आता नाकाचं म्हणजे दाजींच्या वडिलांपासून चालत आलेलं. दाजींनी कप खाली ठेवला. नाक का लांब, खालून बघताना ते कसं आखूड दिसतं, त्यांच्या वडिलांनी ते कुठल्या देवळात आधी केलं, सगळं सांगायला लागले. कोरडा वारा वाहत होता. आखिमच्या नाकावर माशी बसली. त्यानं तोंड वाकडं करून फू केलं, हात नाही काढले. तेवढ्यात मला कळलं हा काय करतोय, आणि मी खाली उतरून किटलीभर उकळतं पाणी दोरीनं वर पाठवलं.

"घ्या दाजी, चहा गार झाला असेल."

"मावशी फार चांगल्या आहेत," दाजी म्हणाले आणि चहाची आणखी एक पुडी उघडली.

बीहुई डबे घेऊन आली, खालून ओरडली, "जेवायला या, दोघं." दाजी म्हणाले, आलोच. आखिमनं विचारलं, "पण दाजी, मिशीचं काय? नाक लांब तर मिशी पुढं आली पाहिजे ना?" आणि दाजी मिशीवर गेले. बीहुईनं माझ्याकडे बघितलं. मी माझं पातेलं घासायला घेतलं, दोनदा घासलेलं होतं तरी. कधीही दोन घटका न बसणारा तो माणूस सबंध दुपार आढ्यावर बसला होता, उन्हात, पाय लोंबकळत, हात दगडासारखे स्थिर. बीहुई हळूच म्हणाली, "लहानपणी न्हाव्याकडेसुद्धा बसला नाही हा."

उन्हं कलली, मी पुन्हा अर्ध्या परांचीपर्यंत चढले, तेव्हा दाजींचं मिशीचं संपलं. आखिमनं मोठा श्वास सोडला.

"पटलं, दाजी. सगळं पटलं. वळवतो दोन बोटं. तुमचीच." आणि कोंबड्यावरून हात काढले.

दाजी उठले, स्वतःच पुढे झाले, कोंबड्याच्या पाठीवर तळवा ठेवून हलकेच ढकललं. कोंबडा जागचा हलला नाही. त्यांनी पायाशी वाकून मालावर नख लावलं, ते रुतेना.

"धरला," दाजी म्हणाले.

"धरला का?" आखिम वाकून बघत म्हणाला. "अरेरे. आता हलवलं तर तडा जाणार. आणि उद्या तर देव यायचा."

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. मग किटलीकडे, मग खाली माझ्याकडे.

"तू मुद्दाम बोलत बसलास."

"मी कुठं बोललो?" आखिम म्हणाला आणि परांचीवरून उतरायलाही लागला, एकेक बांबू सोडून. "तुम्हीच तर बोलत होतात."